बिघडलेले भांडे

शास्त्रपाठ : यिर्मया १८:१-६



यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, तेव्हा चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातातच बिघडले. त्या कुंभाराने दोन गोष्टी केल्या नाहीत. बिघडलेले भांडे त्याने झाकून बाजारात नेले नाही आणि मातीही उकिरड्यावर टाकली नाही. त्याच मातीचे त्याने दुसरे भांडे घडवले.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे हजारो लोकांनी ती घेतली. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या घरांत केवढा आकांत झाला असेल!

दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. परंतु कोणाला कोणत्या बाटलीतील लस दिली, याची नोंद होती. दगावलेले सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले निघाले. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता, असेही पुढे आले. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. लस चांगली असून भागत नाही, टोचणाऱ्याचा हातही शुद्ध लागतो, हे त्या मरणांनी शिकवले.

आपल्या काळातही असेच घडले. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये अनेकदा थेंब पाजूनही काही मुलांना पोलिओ होत राहिला. शास्त्रज्ञांनी ते अपयश दडवले नाही. एकाच डोसातील तीन प्रकारचे विषाणू एकमेकांच्या आड येतात, हे ध्यानी घेऊन २००५ पासून एका प्रकारची व २०१० पासून दोन प्रकारांची लस देण्यात आली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आज भोपाळच्या सोनागिरीत एखादी आई बाळाला लस टोचून आणते, तिच्या विश्वासामागे अशा कित्येक प्रामाणिक नोंदी उभ्या आहेत.

बंधुभगिनींनो, आपण काय करतो? घरात वा मंडळीत काही बिघडले, की एक तर ते झाकतो, नाही तर चौकशीआधीच कोणावर तरी बोट ठेवतो. झाकलेली चूक दुसऱ्याच्या लेकराला बाधते. घाईचा दोषारोप निरपराध्याची वर्षे खातो. पेत्राने प्रभूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी लपवली नाही. आणि प्रभूनेही पेत्राला टाकले नाही.

आपली बिघडलेली भांडी झाकून न ठेवता त्या थोर कुंभाराच्या हाती देण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.