दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा

धार्मिक हिंसाचाराच्या मुळाशी द्वेष असतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु वर्षानुवर्षे एकाच पेठेत व्यवहार करणारी माणसे एका रात्रीत वैरी का होतात, याचे ते पुरेसे उत्तर नव्हे. सातारा-सांगलीच्या भूमीने हा प्रश्न आपल्यापुढे वारंवार ठेवला आहे.

सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली व तिचे लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत पोहोचले. प्रतापगडाचा तो प्रसंग 1659 सालचा. तो दोन सत्तांचा संघर्ष होता; खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हिंदू होता, तर शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. तरीही साडेतीनशे वर्षांनंतर त्या प्रसंगाची किंमत सामान्य रहिवाशांना मोजावी लागली.

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले. जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा बळी गेला. तो मजकूर त्याने लिहिलेला नव्हता.

कृत्य एकाचे, शिक्षा दुसऱ्याला. दोहोंना जोडणारा दुवा केवळ धर्माच्या नावाचा. या तर्काने सदसद्विवेकही निद्रिस्त होतो, कारण हल्ला करणाऱ्यास आपण न्यायच करीत आहोत असे वाटते. अशी हिंसा टिकून राहते ती यामुळेच.

हा तर्क आपणा ख्रिस्ती जनांना परका नाही. प्रभूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुदी समाजावर लादून युरोपात शतकानुशतके त्यांचा छळ झाला. पित्याच्या अपराधाचा भार पुत्रावर नाही, ही यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण आपल्याच पवित्र ग्रंथात होती. तरीही तो आरोप निःसंदिग्धपणे नाकारणारे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडून येण्यास 28 ऑक्टोबर 1965 हा दिवस उजाडावा लागला.

याच परिसरात वेगळा धडाही आहे. वाळवा तालुक्यातील गोटखिंडी येथे चाळीसहून अधिक वर्षे गणेशोत्सवात मशिदीत गणपती बसतो. तेथे शेजारी त्याच्या स्वतःच्या वर्तनाने ओळखला जातो, दूरच्या कुणा अपराध्याच्या नावाने नव्हे.

आपण संख्येने थोडे. अशा वेळी मौन हेच शहाणपण वाटते. परंतु चिथावणीचा संदेश आपल्या घरातही येतो. तो पुढे पाठविण्यापूर्वी मुलांच्या देखत एवढेच विचारावे: हे माझ्या शेजाऱ्याने केले आहे काय? ज्याने अपराध केला, त्याच्यासाठी कायदा आहे. ज्याने केला नाही, त्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे.