शरीराचं सोवळं

मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत पावसाळ्यात चपला-कपड्यांना बुरशी येते आणि आपण ती घाण म्हणून पुसून टाकतो. पण कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात मुक्कामाला असते. ती गोल पेशींच्या रूपात असेतोवर शरीर तिला बहुतांशी खपवून घेतं. तिने तंतू काढून कॅन्डिडालायसिन हे विष सोडलं, की अस्तराच्या पेशी सावध होतात आणि न्यूट्रोफिल या पहारेकरी पांढऱ्या पेशी धावून येतात. परकेपणापेक्षा शरीर इथे वर्तन पाहतं. गावाचा राखणदारही प्रत्येक वाटसरूला अडवत नाही, मर्यादा मोडणाऱ्याला अडवतो, अशीच सिंधुदुर्गातली श्रद्धा आहे.

पेशींना नीती नसते, त्यांच्याकडून धर्म कसला शिकायचा, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र शुद्ध म्हणजे परक्याचा स्पर्शही नसलेलं, ही सोवळ्याची कल्पना निसर्गाचा हवाला देऊन मांडता येणार नाही, एवढं नक्की ठरतं. सहवास म्हणजे गाफीलपणा, असंही कुणी समजू नये. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. ती बुरशी हवेत, मातीत नेहमीचीच. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे पहारा ढिला पडला होता. म्हणून रक्तातली साखर तपासत राहा आणि स्टेरॉइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.