घासाघिशीचे सुख

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की मोरिवलीतील आमच्या घरी दोन याद्या तयार होऊ लागतात. एक प्रायश्चित्त संस्कारासाठी मनातल्या मनात केलेली, आणि दुसरी सौभाग्यवतीने वहीच्या पाठच्या पानावर लिहिलेली. पहिली यादी दरवर्षी बहुधा तीच असते. दुसरी मात्र वाढत जाते. पडद्यांचे कापड, मुलांचे कपडे, नेवऱ्यांसाठी रवा-खोबरे, ताऱ्यासाठी रंगीत कागद. मग एका संध्याकाळी रिक्षा करून आम्ही उल्हासनगर गाठतो. यांतले पुष्कळसे अंबरनाथलाही मिळते. पण वस्तू आणणे आणि खरेदीला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नाताळच्या आधी मनुष्याला खरेदीला जावेसे वाटते.

त्या जाण्याचे खरे सुख घासाघिशीत आहे, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. दुकानदार भाव सांगतो, आपण दचकतो. दचकणे हा या विधीचा प्रारंभ होय. मग आपण कापडाचा पोत बोटांनी चाचपतो, त्यात नसलेला दोष काढतो, "मागच्या वर्षी तर..." असे म्हणतो. तो आपल्या दिवंगत वडिलांची शपथ घेतो. आपण पायरी उतरू लागतो. चौथ्या पावलाला मागून हाक येते, "भाभी, आप बोलो, क्या देना है?" दोन्ही पक्षांना शेवट ठाऊक असतो, आणि तरीही कोणी घाई करीत नाही.

ज्या शहरात हा खेळ चालतो, त्याची पायाभरणी मात्र खेळात झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. घरदार, शेतीवाडी, दुकाने मागे टाकून आलेल्या या लोकांनी बराकींतून पापड लाटले, लोकलच्या डब्यांतून गोळ्या-बिस्किटे विकली, आणि त्यातूनच बाजार उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सर्वांनी केला आहे. परदेशी वस्तूंची आपल्याला किती हाव होती, हेही त्या विनोदात दडलेले आहे, इकडे आपले लक्ष गेले नाही.

ती हाव आमच्याही घरात होती. कुवेत-बहारीनला गेलेला नातेवाईक सुट्टीवर आला की त्याची पेटी उघडताना सारे घर भोवती बसत असे. साबणाची वडी संपली तरी तिचा कागद आई कपाटात साड्यांच्या घडीत ठेवी. सहा महिने तो वास टिके. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली, आणि हळूहळू तो साबण आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे येऊन बसला. आता त्याचा कागद कोणी जपून ठेवीत नाही. परदेशातील खरेदीचे जे सुख उरले आहे ते वस्तूचे राहिलेले नाही. ते अनोळखी नाणे हातात खेळविण्याचे आहे, खुणांनी पाव मागण्याचे आहे, आणि, खरे सांगावयाचे तर, तिथल्या दुकानदारालाही आपण घासाघिशीत हरवू शकतो हे घरी येऊन सांगण्याचे आहे.

२०१९ साली पवित्र भूमीच्या यात्रेत आम्ही असेच एकाला हरविले. बेथलेहेमात प्रभुजन्माच्या गुहेतील चांदीच्या ताऱ्यापाशी आम्हांला क्षणभरच टेकता आले, कारण मागे रांग होती. दुकानात मात्र पाऊण तास मिळाला. जैतुनाच्या लाकडाचे कोरीवकाम हा तेथील ख्रिस्ती कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय. मोठ्या दुकानातील भाव ठाम होते म्हणून आम्ही बाजूच्या बोळात शिरलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी एका गोठ्याचे साठ डॉलर सांगितले. आम्ही दचकलो, दोष काढला, पायरी उतरलो. चौथ्या पावलाला हाक आली. पस्तीस डॉलरला गोठा आमचा झाला, आणि बसमध्ये आमचे कौतुक झाले.

रात्री झोप येईना. त्या गृहस्थांनी अखेर मान हलविली ती आमच्या वाक्‌चातुर्यामुळे, की संध्याकाळ होत आली होती आणि आमच्यानंतर त्या बोळात कोणी येणार नव्हते म्हणून?

हा प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात एका नटाची गोष्ट सांगतात. प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मी पुढच्या खेळाच्या वेळी सांगेन, असे त्याने जाहीर केले, नाट्यगृह भरले, आणि तो म्हणाला की तुम्हां सर्वांना स्वस्तात घ्यावयाचे आणि महाग विकावयाचे आहे. लोक खूश झाले. पण ऑगस्टीन यांना हे सर्वांच्या बाबतीत खरे वाटत नाही. त्यांच्या माहितीतील एका माणसाला एक हस्तलिखित विकत मिळत होते. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नसल्याने त्याने फारच थोडे मागितले होते. त्या माणसाने मात्र रास्त किंमत दिली. संत थोमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हीच गोष्ट पुढे नेली. सोन्याला पितळ समजून कोणी विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने आहे हे कळत असेल, तर त्याची खरेदी अन्याय्य ठरते व भरपाई करणे त्याला बंधनकारक होते.

मग शेतातील ठेव्याच्या दाखल्याचे काय, असे वाचक विचारतील. तो मनुष्य ठेवा पुन्हा झाकून ठेवतो आणि मालकाला न सांगता शेत विकत घेतो! आमच्या मते तो दाखला आनंदाविषयी आहे, व्यवहाराविषयी नाही. त्यावरून जमिनीचे सौदे करू नयेत.

बेथलेहेमच्या त्या गृहस्थांना तर आपल्या लाकडाचे मोल आमच्यापेक्षा शतपटीने ठाऊक होते. फसवणूक कोणी कोणाची केली नाही. पण अक्विनास यांचे आणखी एक म्हणणे आहे, आणि तेच आम्हांस टोचते. घेणाऱ्याला वस्तूची निकड आहे एवढ्यावरून विकणाऱ्याने किंमत चढवू नये, कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच न्याय उलटा लावला तर? त्या म्हाताऱ्याची रिकामी संध्याकाळ आमच्या मालकीची नव्हती. तिचे पंचवीस डॉलर आम्ही वसूल केले.

आमच्या एका मित्राला हा विचार मुळीच पटला नाही. "त्याने साठ सांगितले ते तुम्ही पस्तीसवर आणाल हे धरूनच," तो म्हणाला. "साठ देऊन आला असता तर त्याला व्यापारी न मानता भिकारी मानल्यासारखे झाले असते." यात तथ्य आहे. न मागितलेली दया हा सुद्धा एक अपमानच. उल्हासनगरचा दुकानदार आमच्याशी भांडतो तो बरोबरीच्या नात्याने. आम्ही उठून गेलो तर दहा मिनिटांत दुसरे गिऱ्हाईक येईल हे त्याला माहीत असते. दोघांनाही उठून जाता येते तोवर घासाघीस हा खेळ आहे. एकालाच उठून जाता येत असेल, तर तिचे नाव बदलावे लागते. हा भेद त्या बोळात आमच्या ध्यानात यावयास हवा होता, आणि तो आला नाही असे म्हणवत नाही. आम्ही तिकडे डोळेझाक केली.

आणि कधी कधी सौद्यात नसलेला तिसराच कोणी पैसे भरतो. १०६० सालच्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वालधुनी वाहते आणि पुढे उल्हासनगरातून जाते. स्वस्त जीन्ससाठी लोक लांबून उल्हासनगरला येत. त्या जीन्स धुणाऱ्या-रंगविणाऱ्या कारखान्यांचे पाणी वर्षानुवर्षे या नदीत गेले, आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत पोहोचले. आमच्या मुलांनी त्या जीन्स घातल्या आहेत. तेव्हा शंभर रुपये कमी करून घेतल्याचा आम्हांस आनंद झाला होता. नदीशी कोणी भाव केला नव्हता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात खरेदीला नीतीच्या क्षेत्रात आणून बसविले, तेव्हा आम्हांला प्रथम वालधुनीच आठवली.

आता तर मध्यरात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर खरेदी होते. तेथे दचकणे नाही, शपथ नाही, पायरी नाही. वस्तू घेऊन चार जिने चढणाऱ्या पोराला एका फेरीचे काय मिळते, ते त्या पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते. घासाघिशीत निदान समोरच्याचा चेहरा तरी दिसत होता.

२०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले आणि बेथलेहेमचे यात्रेकरू आटले. त्या वर्षी व पुढच्या वर्षी गव्हाणीच्या चौकात नाताळवृक्षही उभा राहिला नाही. त्या बोळाचे नाव आम्हांस माहीत नाही, गृहस्थांचेही विचारले नव्हते. पंचवीस डॉलर कोणाच्या पत्त्यावर पाठवावयाचे? सौभाग्यवतीने तेवढे रुपये नाताळच्या दानपेटीत टाकले. आम्ही काही बोललो नाही; पण हिशेब तेवढ्याने मिटत नाही हे तिलाही ठाऊक होते.

मागच्या डिसेंबरात पुन्हा उल्हासनगर. पडद्याच्या कापडाचे साडेचारशे सांगितले. आम्ही नेहमीप्रमाणे दचकलो, पण पायरी उतरलो नाही, चारशे दिले. रिक्षात बसताच सौभाग्यवती म्हणाली, "साडेतीनशेला नक्की दिले असते." आम्हांलाही तसेच वाटते.