आरुणीचा बांध

मागल्या हिवाळ्यात एका खेडेगावी एकादशीच्या कीर्तनास जाणे झाले. तिथल्या शाळेत मुलांनी परसबाग केली आहे. तिची भाजी दुपारच्या पोषण आहारात पडते. गुरुजींनी ती आम्हांस कौतुकाने दाखविली. परंतु रात्री कीर्तन आटोपल्यावर एक शेतकरी पाया पडून म्हणाला, "महाराज, आमचा जन्म खुरप्यात गेला. पोराच्या हातून ते सुटावं म्हणून शाळेत घातलं, अन् शाळेनं पुन्हा खुरपंच दिलं!"

आम्हांस उत्तर सुचले नाही. रात्रभर झोप कसली ती नाही.

वाचकहो, महाभारताच्या आदिपर्वात आरुणीची कथा आहे. आयोद धौम्यांनी ह्या पांचालदेशीय शिष्यास शेताचा फुटलेला बांध अडविण्यास धाडले. बांध काही केल्या अडेना, तेव्हा तो स्वतःच भगदाडात आडवा झाला. गुरू शोधीत आले, हाक मारली. तो उठला तसे पाणी वाहिले, आणि त्यावरून त्यास उद्दालक हे नाव मिळाले. ही कथा आम्ही चाळीस वर्षे आज्ञाधारकपणाचा दाखला म्हणून सांगत आलो. त्या रात्री मात्र निराळेच ध्यानी आले. आडवा हो, असे गुरूंनी कुठे सांगितले होते? पाणी अडव, एवढेच सांगितले. कसे, ते त्या पोराने एकट्याने ठरविले. पुढारीपण ते हेच. आणि दुसरे असे की, शिष्य दिसेना म्हणून गुरू बांधापर्यंत चालत आले. न येणारेही गुरू असतात! आमच्या लहानपणी एक मास्तर आपल्या खासगी शेतातला भुईमूग मुलांकडून उपटून घेत आणि त्याला स्वावलंबनाचा पाठ म्हणत. ती वेठ होती. शेंगा कुठे गेल्या, हे मुलांस पक्के ठाऊक होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत, स्वतःच स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि त्या कष्टावर शिकत. पिकलेले त्यांच्याच ताटात येई. १९२७ साली गांधीजी ते पाहून गेले. त्या शेतांतून वर आलेली मुले पुढे गावोगावी शिक्षक झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना हातकामास लावण्याचे सुचविले आहे, त्यात बागकामही येते. चांगलेच आहे, पण मेथीलासुद्धा महिना लागतो हो!

आमचे स्वतःचे सांगायचे तर, पाठशाळेतून सुटीला घरी आलो की आम्ही बांधावर उभे राहून शब्दरूपे घोकायचो आणि धाकटी बहीण उन्हात खुरपायची. विद्या म्हणजे हात कोरडे राहणे, असे आम्हांस वाटे. तिला शाळा मिळाली नाही. त्या शेतकऱ्याचे दुःख आम्हांस उशिरा कळले ते इथून. खुरप्याचा त्याला वीट आला नव्हता. जन्मभर ते हाती असून काय पेरायचे, पाणी कुणाला आधी, हे त्याला कुणी कधी विचारले नाही.

द्वादशीचे पारणे सोडून आम्ही पुन्हा परसबागेत गेलो. नववीतली एक मुलगी दारे धरीत होती. पाळीची वही तिच्याजवळ. तिच्या गटाचा वाफा पाटाच्या अगदी तोंडाशी, तरी पाणी आधी शेपटाच्या वाफ्याला चालले होते. आम्ही कारण विचारले. म्हणाली, "वरचे आधी प्यायले की खालच्यांना उरत नाही. म्हणून मीच पाळी उलटी केली. गुरुजी आधी नको म्हणाले, मग करून बघ म्हणाले." आम्हांस दिंडी आठवली. पताका पुढे, टाळकरी पुढे. दिंडीचा प्रमुख विणेकरी त्यांच्या मागून चालतो.

कालचा शेतकरीही कुंपणाशी येऊन उभा होता. ती त्याचीच लेक निघाली. तेवढ्यात पाट फुटला. आम्ही धोतर खोचून फावडे घेतले आणि घाईने माती टाकली. ती वाहून गेली.

"महाराज, तिथं नाही," पोर हसू दाबीत म्हणाली, "आधी वरून पाणी तोडा. आबा, तुम्ही दाखवा त्यांना."

तो चपला काढून आत आला.