घरासाठी काढलेली चित्रे

हौशी हा शब्द आपल्याकडे थोड्याशा उपहासानेच उच्चारला जातो. अमुक गृहस्थ हौशी चित्रकार आहेत असे कोणी म्हटले, की ऐकणारा मनातल्या मनात 'म्हणजे खरे चित्रकार नव्हेत' अशी पुस्ती जोडतो. इंग्रजीतील 'ॲमॅच्युअर' ह्या शब्दाचीही हीच गत झाली आहे. वस्तुतः तो ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ प्रेम करणारा असा आहे. आपली 'हौस' अरबी-फारशीतील 'हवस' ह्या शब्दापासून आली, म्हणजे तिचे मूळ वासनेत आहे. एका भाषेने प्रेम पाहिले, दुसरीने वासना पाहिली, आणि दोघींनी मिळून अखेर त्या बिचाऱ्या मनुष्यास कच्चा ठरविले! हा न्याय कितपत योग्य आहे, विशेषतः ज्याने आपली चित्रे बाजारासाठी अथवा प्रदर्शनासाठी न काढता केवळ घरच्या माणसांसाठी काढली त्याच्या बाबतीत, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न नीतीचा आहे. मुलाने, भावाने किंवा सेवानिवृत्त वडिलांनी चित्र काढून पुढे धरले, की घरातील मंडळी 'छान' म्हणतात. पुष्कळदा चित्र छान नसते. मग हे असत्य भाषण झाले काय? सत्याचे कडवे उपासक होय म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. दारी आलेले पार्सल घेऊन आपण सही करतो, तेव्हा आतील वस्तूची स्तुती करीत नसतो. ती मिळाली एवढेच कळवितो. घरातले 'छान' ही अशी पोच असते. अनर्थ होतो तो चित्रकार ती पोच परीक्षण म्हणून खिशात घालतो तेव्हा. राजेरजवाड्यांच्या वाट्यास तर पोचेवाचून दुसरे काही येणेच कठीण. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे हौसेने चित्रे काढीत. त्यांच्या दरबारात त्यांस रंग चुकला असे कोण सांगणार होता? परंतु त्यांनी आपली रामायणावरील चित्रे १९१६ साली छापून लोकांपुढे ठेविली आणि परक्यांचे मत ऐकून घेण्याची सोय करून ठेविली, हे त्यांच्या प्रांजळपणास शोभण्यासारखेच झाले.

ह्यावर कोणी म्हणेल, की असे जर आहे, तर घरगुती चित्रास कसोटीच उरली नाही; प्रेमाने काढले, प्रेमाने घेतले, संपले. हे मत सोयीचे आहे, पण आम्हांस ते पटत नाही. अशा चित्रासही कसोटी आहे, आणि आमच्या मते ती प्रदर्शनातील कसोटीहून सोपी नाही. ज्या माणसासाठी चित्र काढले, त्या माणसाकडे काढणाराने खरोखर पाहिले होते की नाही, ही ती कसोटी होय.

मालवण-कुडाळकडील कित्येक घरांत गणपती ज्या भिंतीपुढे बसतो ती भिंत चतुर्थीपूर्वी नव्याने रंगविण्याची चाल आहे. पाट गणपतीच्या शाळेत पोचलेला असतो, आणि इकडे घरातील एखादा मुलगा भिंतीसमोर स्टुलावर चढून मोर, कमळे, कैलास किंवा यमुनाकाठचा कृष्ण काढीत असतो. पूर्वी चुना, काव आणि नीळ एवढ्यांवर भागत असे. आता बाजारी रंग आले. गणपती बसला आणि वर माटवी सजली, की त्या चित्राचा बराच भाग झाकला जातो, आणि पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा पांढरा हात फिरतो. ज्याचे आयुष्य एका भाद्रपदापासून दुसऱ्या भाद्रपदापर्यंत, त्या चित्राकडून कीर्तीची अपेक्षा कोणी ठेवीत नाही. तथापि घरातल्या वृद्धांस कोणत्या वर्षी कोणते चित्र होते ते नेमके आठवते. अमक्या वर्षी मोर होता, त्याच वर्षी धाकटी सासरी गेली, अशी त्यांची कालगणना चालते.

ह्याच मुलखात, कुडाळजवळच्या पिंगुळीस, ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच परंपरेच्या जतनासाठी. चित्रकथीचे चित्र श्रोत्यांपुढे उभे राहते; कथा रंगली नाही तर श्रोते उठून जातात, आणि चित्रकारास आपले उणे तत्काळ कळते. घरच्या चित्रासमोरून कोणी उठून जात नाही, आणि म्हणूनच तेथे चित्रकाराने स्वतःशी अधिक कठोर असावे लागते.

आमचे धाकटे मामा मालवणास टपाल कचेरीत कारकून होते. चित्रकलेचे शिक्षण त्यांस शाळेपलीकडे मिळाले नव्हते. त्यांनी चाळीसएक चित्रे काढली असतील. जलरंग, तैलरंग, कोळसा, शिंपले, जे हाती येईल त्यात. आम्ही पुष्कळ वर्षे असे समजत होतो, की एका माध्यमात हात बसेना म्हणून ते दुसऱ्याकडे वळत. खरा प्रकार आजीच्या चित्रावरून ध्यानात आला. आजीची दृष्टी उतारवयात गेली. ज्या किनाऱ्यावर तिचे सारे आयुष्य गेले तेथून समोर दिसणारा सिंधुदुर्ग तिला दिसेनासा झाला. मामांनी एका फणसाच्या फळीवर सुंभ चिकटवून किल्ल्याचा नागमोडी तट केला, शिंपल्यांचे बुरूज बसविले, खाली खडकांसाठी जाड वाळू लाविली. ह्यात रंग मुळीच नव्हता. आजीने बोटांनी सारा तट चाचपला आणि विचारले, "दरवाजो खंय आसा?" ज्यांनी तो किल्ला पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल, की त्याचे महाद्वार बुरुजांच्या वळणात असे दडविले आहे, की बाहेरून ते सहसा दिसत नाही. मामांनीही ते तसेच दडविले होते. बोट वळणात शिरले तेव्हाच ते सापडले.

लेक नागपुरास दिली होती. तिला दर वैशाखात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगांत अंगणात वाळत घातलेली आमसुले जात. तैलरंगाचे वास मारणारे सोंग तेथे काय कामाचे? ते तैलरंग मामांनी वापरले थोरल्या मामांच्या साठीसाठी. फोटोवर चौकोन आखून, प्रमाणे जुळवून, महिनाभर खपून त्यांनी बंधूंचे चित्र केले. कोटाची बटणेसुद्धा चुकली नाहीत. त्यांच्या सगळ्या चित्रांत हात सर्वांत सफाईदार चालला आहे तो येथे, आणि आमच्या मते त्यांचे सर्वांत वाईट चित्र तेच आहे. थोरले मामा आयुष्यात कधी तसे ताठ बसले नव्हते. मामी एवढेच म्हणाल्या, "कोणी साहेब दिसतात."

ही कसोटी कोकणापुरती नाही. १८९३ च्या सप्टेंबरात बिॲट्रिक्स पॉटर ह्या इंग्रज बाईंनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलास सशांच्या चित्रांचे पत्र पाठविले. पुढे त्याचे पुस्तक करावयाचे ठरले तेव्हा ते पत्र त्यांस त्या मुलाकडून उसने मागून घ्यावे लागले. त्याने ते इतकी वर्षे जपले होते. पुढे ऑक्सफर्डास प्राध्यापक झालेले टोल्किन १९२० पासून १९४३ पर्यंत आपल्या मुलांस नाताळबाबांच्या नावाने सचित्र पत्रे लिहीत. अक्षर थंडीने कापरे, पाकिटावर उत्तर ध्रुवाचे तिकीटही स्वतः काढलेले. ती छापली गेली १९७६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. दोन्ही ठिकाणी परके वाचक मागाहून आले आणि घरच्या पंगतीत पाहुण्यासारखे बसले. पंगत त्यांच्यासाठी मांडलेली नव्हती.

येवढे लिहिल्यावर आमच्या मताविरुद्ध जाणारे एक उदाहरण सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सावंतवाडीच्या गंजिफा लयास चालल्या होत्या. १९७१ च्या सुमारास तेथील राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून ते काम शिकून घेतले. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशे वीस वाटोळी चित्रे. नुसती हौस इतका वेळ टिकत नाही. राजघराण्याची ती आवड राजवाड्यातच राहिली असती तर त्यांच्याबरोबर संपली असती. ती कारखान्यात आणि बाजारात आली, कारागिरांच्या हातांस काम मिळाले, म्हणून कला जगली. बाजार हा घरगुती कलेचा नेहमी शत्रूच असतो असे म्हणण्याची सोय येथे उरत नाही.

मामांच्या पश्चात घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा हाच दाखला त्यांच्या नातीने आमच्यापुढे केला. ती चित्रकला शिकलेली आहे. सारी चित्रे एकत्र करून मुंबईस प्रदर्शन मांडावे असे तिचे म्हणणे. आम्ही विरोध केला. प्रदर्शनात थोरल्या मामांचे चित्र दर्शनी लागेल, आमसुलांपुढे कोणी थांबणार नाही, असे आम्ही म्हणालो. तिने उत्तर दिले, की आजकालच्या प्रदर्शनांची आम्हांस कल्पना नाही. सर्वांत पुढे सुंभाचा किल्लाच लागेल. ते खरे असावे. पण तेथे 'हात लावू नये' अशी पाटी असेल की नाही, ह्याचे उत्तर तिलाही देता आले नाही. शेवटी जे चित्र ज्यासाठी काढले ते त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसाकडे जावे असे ठरले. नागपूरच्या मावसबहिणीने आमसुले पोस्टकार्डांच्या जुन्या पेटीतच ठेविली, आणि ती कोणास दाखवीत नाही. आजीच्या किल्ल्यास मात्र घेणारे माणूस उरले नव्हते. तो दादरच्या एका नातलगांकडे गेला. त्यांनी त्यास उत्तम चौकट करून, वर काच बसवून, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर तो लाविला आहे. काच काढावी असे आम्ही सुचविले. सूनबाई म्हणाल्या, "काका, सुंभात धूळ बसते, ती मग निघत नाही हो." ह्या धुळीवर आम्हांस अद्याप उपाय सुचलेला नाही.