सूत, वैयाकरण आणि पाणकोंबडी : फावल्या वेळच्या बोलण्यातील शुद्धाशुद्धविवेक

पतंजलीच्या महाभाष्यात, दुसऱ्या अध्यायातील एका सूत्राच्या चर्चेत, एक वैयाकरण आणि एक सूत, म्हणजे सारथी, यांची गाठ पडते. वैयाकरण विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी उत्तरतो, मी या रथाचा 'प्राजिता'. वैयाकरणाच्या मते हा अपशब्द होय. 'अज्' या धातूला येथे 'वी' असा आदेश होतो, तेव्हा नियमाने 'प्रवेता'च व्हावयास हवे. सारथी त्याला सुनावतो की, नियमाने काय प्राप्त होते हे आपणांस कळते, इष्ट काय आहे हे कळत नाही. आणि हे रूप इष्ट आहे. (हे सांगताना तो वैयाकरणाला 'देवानांप्रिय' म्हणतो. तो आदर की चिमटा, हे ज्याचे त्याने ठरवावे.) चिडलेला वैयाकरण मग सारथ्यालाच 'दुरुत' म्हणून हिणवतो. त्यावर सारथी शिवीचीही दुरुस्ती करून देतो : 'सूत' हा शब्द विणणे या अर्थाच्या धातूपासून आलेला नाही, प्रेरणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, निंदाच करावयाची असेल तर 'दुःसूत' म्हणावे.

ही गोष्ट बहुधा वैयाकरणांची थट्टा म्हणून सांगितली जाते. ती थट्टा आहेच. पण ती एका वैयाकरणानेच नोंदवलेली आहे, आणि तिच्यात शब्दाच्या साधुत्वापलीकडचा एक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे बोलणे दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला, कशाबद्दल आणि कोणत्या प्रसंगी पोचतो? हा प्रश्न सभेत, वर्गात, न्यायालयात फारसा अडत नाही. तेथे अधिकार आधीच वाटून दिलेले असतात. तो अडतो तो फावल्या वेळच्या बोलण्यात. छंदाच्या निमित्ताने जमलेल्या माणसांत कोणी कोणाचा शिक्षक नसतो, परीक्षा नसते, आणि चुकीच्या शब्दाने कोणाचे पोट अडत नाही. अशा ठिकाणी संज्ञा आणि व्याकरण यांचा आग्रह धरावा की धरू नये? 'गप्पाच तर आहेत' असे म्हणून तो निकालात काढणे सोपे आहे. परंतु माणूस ज्या गोष्टी केवळ आवडीपोटी करतो त्यांतच तो सर्वांत चोखंदळ असतो, हेही तितकेच खरे आहे.

या प्रश्नाची तपासणी करण्यास नाशिक जिल्ह्यात एक उत्तम जागा आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन उथळ दलदल तयार झाली आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांनी ती आपलीशी केली. नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि पुढे रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ ठरले. हिवाळ्यातील रविवारी चापडगावाच्या बाजूला जी माणसे जमतात त्यांत नाशिक शहरातील डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतील नोकरदार, महाविद्यालयीन मुले असतात. आणि त्यांना वाट दाखविणारे, दुर्बिणीशिवाय पक्षी ओळखणारे गावातील तरुण असतात. या दोन गटांतील बोलणे हा प्रस्तुत विषयाचा खरा नमुना होय.

पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा दिसतो. पाहुणा म्हणतो, केवढी बदके! वाटाड्या म्हणतो, बदके नव्हेत, वारकरी आहेत. ही दुरुस्ती नुसत्या नावाची नाही. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा मिरवणारा हा पक्षी पाणकोंबडीच्या कुळातला. त्याची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसून प्रत्येक बोटाला सुट्या पाळ्या असतात. 'बदक' म्हणणाऱ्याची भाषा चुकलेली नाही, त्याची नजर चुकली आहे. आणि नाव दुरुस्त झाले की नजर दुरुस्त होऊ लागते. तसेच बगळ्याचे. लांब पायांचा प्रत्येक पक्षी शहरी माणसाला बगळा वाटतो. पण बगळा उडताना मान मुडपून घेतो, क्रौंच आणि बलाक ती सरळ ताणून उडतात. हा भेद ज्याला एकदा सांगितला गेला त्याला आकाश निराळे दिसते. अशी दुरुस्ती न करणे म्हणजे सौजन्य नव्हे, हातचे राखून ठेवणे होय.

याउलट चमच्यासारख्या चपट्या चोचीच्या पक्ष्याला गावकरी 'चमचा' म्हणतो आणि ग्रंथ वाचून आलेला पाहुणा त्याला 'दर्विमुख' हा शब्द सुचवतो, तेव्हा काय घडते? दर्वी म्हणजे पळी. दोन्ही शब्द एकाच चोचीकडे पाहून केलेले, एक स्वयंपाकघरातला आणि दुसरा संस्कृत कोशातला. पदार्थ तोच, त्याचा भेदक धर्मही तोच. येथे जगाविषयी नवे काहीच सांगितले गेले नाही. सांगितले गेले ते वक्त्याच्या वाचनाविषयी. (माणसांच्या बाबतीत 'चमचा' हा शब्द इतका बदनाम झालेला असताना एका निष्पाप पक्ष्याकडे तो सन्मानाने टिकून आहे, ही गोष्ट खरे तर जपण्यासारखी.) 'दर्विमुख' हा शब्द निषिद्ध आहे असे नव्हे, ग्रंथात, कोशात, जेथे एकाच नावाखाली दोन पक्षी येण्याचे भय असते तेथे त्याचे काम आहे. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांसाठी आणि रानासाठी जो शब्दसंग्रह उभा केला, त्यातील मोठा भाग त्यांनी आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडून टिपला, आणि जेथे शब्द मिळाला नाही तेथे घडवला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीसाठी 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' हे शब्द त्या गरजेतून आले. एक शब्द नव्हता म्हणून दिला, आणि एक शब्द होता तो हिरावून दुसरा दिला, या दोन कृतींचे नैतिक मोल एक नाही.

हिलरी पटनम या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये अर्थविचारात एक मुद्दा मांडला. एल्म आणि बीच ही झाडे आपल्याला वेगळी ओळखता येत नाहीत, अशी कबुली देऊन तो म्हणतो की, तरीही आपल्या तोंडी हे शब्द दोन वेगळ्या झाडांचेच वाचक असतात. कारण भाषिक समाजात श्रमविभागणी असते आणि ओळख पटविण्याचे काम काही जाणकारांकडे सोपवलेले असते. हे मान्य केले तर दुरुस्तीचा अधिकार कोठून येतो हे बऱ्याच अंशी कळते. शब्दाची नाळ वस्तूशी ज्याने राखली त्याच्याकडून तो येतो. पटनमच्या विवेचनात हा जाणकार बहुधा शास्त्रज्ञ असतो. पतंजलीच्या गोष्टीत तो सारथी आहे. रथ हाकणाऱ्याला रथ हाकणाऱ्याचे नाव विचारावे हे वैयाकरणाला सुचले नाही, आणि महाभाष्यकाराने मात्र ते सुचवले, हे पटनमच्या पुढचे पाऊल म्हणावे लागेल. नांदूरच्या पाण्यावर तो जाणकार बऱ्याचदा जाळे टाकणाराच असतो.

येथवर संज्ञेचा विचार झाला. व्याकरण आणि उच्चार यांचा विचार अधिक अवघड आहे, कारण तेथे वस्तू मध्यस्थ नसते. दोन माणसेच समोरासमोर असतात. वाटाड्या 'पानकोंबडी' म्हणतो. 'पाणकोंबडी,' पाहुणा हसत म्हणतो, 'ण, बाणातला.' पक्षी दोघांनाही दिसलेला आहे, दोघांनाही तो कळलेला आहे. येथे काय दुरुस्त झाले? नाशिकच्या ग्रामीण भागात आणि लगतच्या खानदेशात 'ण'च्या जागी 'न' सहज येतो. तो आळस नाही, त्या बोलीची वर्णव्यवस्था आहे. गंमत अशी की, ज्या महाराष्ट्री प्राकृताकडे मराठीची पूर्वपरंपरा म्हणून बोट दाखविले जाते तिने संस्कृतातील 'न'चाही 'ण' करून टाकला होता, आणि त्याबद्दल तिला कोणी बाणातला नि नळातला शिकविल्याचे दिसत नाही. 'ण' शुद्ध आणि 'न' अशुद्ध हा निवाडा भाषेच्या स्वभावातून निघत नाही, तो शाळा, कचेरी आणि छापखाना यांच्या सत्तेतून निघतो. पाहुण्याच्या हसण्याने वाटाड्या पुढच्या वेळी 'ण' म्हणेलच असे नाही. तो बोलणे कमी करील, एवढे मात्र नक्की. आणि त्याने बोलणे कमी केले की वारकरी पुन्हा बदक होतात.

पण हा विषय इतक्यावर सोडला तर तो फार सोयीचा होईल. त्याच तरुणाला उद्या अभयारण्याचे माहितीपत्रक लिहावयाचे आहे, अधिकाऱ्यांसमोर बोलावयाचे आहे, स्पर्धापरीक्षेला बसावयाचे आहे. प्रमाणभाषेची किल्ली त्याच्या हाती नसेल तर ही दारे त्याला बंद आहेत. 'त्याची बोली गोड आहे, तिला हात लावू नये' असे म्हणणारा उदार पाहुणा स्वतःच्या मुलाचा 'न' मात्र घरी कधी खपवून घेत नाही. म्हणजे चूक सोडून देणे हीसुद्धा एक प्रकारची वर्गवारीच होते : आपला तो चुकला तर सांगायचे, परका चुकला तर कौतुक करायचे. ज्याच्याविषयी आपल्याला काही अपेक्षाच नाही त्यालाच माणूस निर्विकारपणे क्षमा करतो. ही क्षमा आणि तो उपहास यांत फार अंतर नाही. दोन्हींत समोरचा माणूस बरोबरीचा धरलेला नसतो.

महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात या पेचाला उपयोगी पडेल अशी आणखी एक आख्यायिका आहे. काही ऋषी होते. ते 'यद्वा नः, तद्वा नः' असे म्हणावयाचे तेथे 'यर्वाणः, तर्वाणः' असे बोलत, आणि त्यामुळे त्यांना तेच नाव पडले. परंतु यज्ञकर्मात ते असे बोलत नसत. असुर यज्ञातही अपभाषण करीत, म्हणून त्यांचा पराभव झाला. हे ऋषी ज्ञानी होते, धर्माचा साक्षात्कार झालेले होते, असे पतंजली आवर्जून सांगतो. त्यांच्या सैल बोलण्याला तो अज्ञान म्हणत नाही. नियम माहीत असणे आणि तो प्रत्येक क्षणी पाळणे या दोन गोष्टी आहेत, आणि कोणता क्षण यज्ञाचा हे ओळखणे ही तिसरी. छंदाच्या बोलण्यातही यज्ञाचे क्षण असतात. दर जानेवारीत आशिया खंडात ठिकठिकाणी पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. वहीत नोंद करताना मोठा बगळा आणि गायबगळा यांना एकाच रकान्यात कोंबणे हा खरा अपशब्द. नंतर चहाच्या टपरीवर कोणी सगळ्यांनाच 'बगळे' म्हटले तर कोणाचा पराभव होत नाही.

अर्थात टपरी आणि वही यांमधील भिंत ऋषींच्या बाबतीत जितकी भक्कम होती तितकी सामान्यांच्या बाबतीत नसते. जीभ सवयीची गुलाम आहे. शिवाय नवशिक्याचे सारे शिक्षण टपरीवरच होते, वहीपर्यंत तो पोचतो तो नंतर. यर्वाण-तर्वाणांची सवलत ज्याला नियम आधीच येतो त्याच्यासाठी आहे, ही या आख्यायिकेची मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

लेखनाची गोष्ट पुन्हा निराळी. या छंदाचे नावच पाहावे. 'पक्षिन्' हा इन्नन्त शब्द समासाच्या पूर्वपदी आला तर ऱ्हस्व होतो, म्हणून 'पक्षिनिरीक्षण', 'पक्षिमित्र'. फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर, टी-शर्टांवर मात्र सर्रास 'पक्षीनिरीक्षण' असते. बोलताना हा भेद जवळपास ऐकूच येत नाही. तेव्हा बोलणाऱ्याला त्यावरून टोकण्यात अर्थ नाही, आणि लिहिणाऱ्याला सांगताना १९६२ चे स्मरण ठेवावे. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार निष्ठेने देणाऱ्या एका पिढीचे शुद्ध लेखन रातोरात कालबाह्य ठरले. 'नासिक' लिहिणाऱ्यांना आज 'नाशिक' लिहिणारे टोकतात. पन्नास वर्षांपूर्वी टोकणारे उलट दिशेने टोकत होते.

भगूर हे नाशिकच्या अगदी जवळचे. सावरकरांचा जन्म तेथे १८८३ मध्ये झाला, आणि मराठीत भाषाशुद्धीचा सर्वांत आग्रही विचार त्यांनी मांडला. त्याचवेळी त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळके यांचे जन्मगाव, आणि १९१३ नंतर त्यांची चित्रपटनिर्मिती नाशकातच चालली. 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक' हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात आणि ते रुजले, यात शंका नाही. कसे रुजले? जाहिरातींतून, श्रेयनामावल्यांतून, वृत्तपत्रांतून. खेळ सुटल्यावर घरी परतणाऱ्याने 'सिनेमा पाहिला' म्हटले, म्हणून कोणी त्याला दारात अडवून तो शब्द बदलायला लावला, याने ते रुजले नाहीत. आजही तो 'सिनेमा'च पाहतो आणि 'चित्रपटा'वर लिहितो. दोन्ही शब्दांनी आपापली कामे वाटून घेतली आणि भाषा त्यामुळे अशुद्ध झाली असे म्हणणे कठीण आहे. शुद्धीची चळवळ जेथे नवे शब्द पुरवते तेथे ती दानशूर असते; जेथे ती गप्पांच्या तोंडाशी पहारा बसवते तेथे तिच्या हाती केवळ शांतता लागते.

संज्ञा आणि व्याकरण यांची ही फारकतही सर्वत्र निभावत नाही, हे शेवटी नोंदवावे लागते. पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्ष्याचे घरटे असते. वाटाडा म्हणतो, 'तो अंडी उबवतोय.' पाहुणा सहजपणे दुरुस्त करतो, 'ती.' त्याच्या दृष्टीने ही लिंगाची चूक आहे. अंडी उबवणारी मादी असणार, इतके उघड. परंतु कमळपक्ष्याची मादी आकाराने मोठी, ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, आणि अंडी उबविणे, पिले सांभाळणे हे सारे नर करतो. 'तो' हे सर्वनाम व्याकरणाने बरोबर होते, कारण 'पक्षी' पुल्लिंगी. आणि वस्तुस्थितीनेही बरोबर होते. वाटाड्याने ते कोणत्या कारणाने वापरले हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. पाहुण्याने अजून विचारलेले नसते.