शिकवणाऱ्याची नाडी

शाळेत मुलांना भागाकार शिकवणाऱ्याकडून आपण अध्यापनाची पदविका मागतो. डॉक्टर घडवणाऱ्याकडून मात्र पिढ्यान्‌पिढ्या एवढेच मागितले गेले, की त्याला आपला विषय उत्तम यावा. ज्याला येते त्याला शिकवता येतेच, ही त्यामागची समजूत. ती आता ढळली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनाही काही शिकण्याची गरज आहे, हे बहुतेकांना मान्य असते. पण ती गरज कोणती हे ठरवायचे कोणी? हा प्रश्न मला व्यवस्थेपेक्षा नीतीचा अधिक वाटतो.

रूढ उपाय असा, की अध्यापकालाच विचारावे. एक छापील प्रश्नावली येते. आपणांस कशाचे प्रशिक्षण हवे? प्रश्नपत्रिका काढण्याचे, संशोधनलेखनाचे, की संगणकाच्या साहाय्याने व्याख्यान देण्याचे? अध्यापक या नात्याने मीही अशा चौकटींत खुणा केल्या आहेत. परंतु 'विद्यार्थ्यांच्या घोळक्यात रुग्णाच्या खाटेशी उभा असताना मी त्या रुग्णाशी कसा बोलतो, ते मला कोणीतरी सांगावे,' असे कोणी लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. यात अप्रामाणिकपणा नाही. इच्छा माणसाला आतून कळते. उणीव बहुधा बाहेरूनच दिसते.

२००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी स्वतःविषयी केलेले मूल्यमापन त्यात तटस्थ परीक्षणाशी ताडून पाहिले होते. २० तुलनांपैकी १३ ठिकाणी दोहोंचा मेळ अत्यल्प होता, मुळीच नव्हता, किंवा उलटाच होता.

वास्तविक हे आम्हांला ठाऊक असायला हवे. रुग्णाची तक्रार लक्षपूर्वक ऐक, पण तेवढ्यावर औषध लिहू नकोस, आधी तपास, असे आम्हीच विद्यार्थ्याला सांगतो. मग अध्यापकाच्या बाबतीत तक्रारीवरच निदान का थांबावे?

यावर आक्षेप येईल, की वर्गात मागच्या बाकावर परीक्षक बसवला, तर अध्यापकाचा मान तो काय राहिला? आक्षेप खोटा नाही. पण तपासणी आणि झडती यांत फरक आहे. डॉक्टर संमतीने तपासतो आणि आढळलेले गुप्त ठेवतो. अध्यापकाला पाहणारा त्याचा सहकारी असावा, आणि त्याने पाहिलेले अध्यापकापाशीच राहावे. ते बढतीच्या कागदांत गेले, की अध्यापक शिकायचे सोडून लपवू लागेल.

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्षात करणे. या पायऱ्यांनी आम्ही विद्यार्थ्याला मोजतो. स्वतःला मोजताना मात्र पहिल्या पायरीवरच समाधान मानतो. २०१९ पासून आपल्याकडील एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद आणि नीती यांना रीतसर स्थान मिळाले आहे. परंतु या गोष्टी व्याख्यानातून जेवढ्या पोचतात, त्याहून कितीतरी अधिक गुरूच्या वागण्यातून उचलल्या जातात. गुरू खाटेवरच्या माणसाला नावाने हाक मारतो की रोगाच्या नावाने, हे विद्यार्थी टिपून ठेवतो आणि पुढे चाळीस वर्षे तसेच वागतो.

म्हणून अध्यापकाची गरज ठरवताना त्याला अवश्य विचारावे, त्याच्या विद्यार्थ्यांना विचारावे. आणि ज्याला आजवर एकही प्रश्नावली मिळाली नाही, त्या खाटेवरच्या माणसालाही विचारावे. आमच्या अज्ञानाची किंमत शेवटी तोच देतो.